जनित्र आले, अर्थिंगचे काय?

महाराष्ट्रातील लहान गावांतून गेल्या वीस वर्षांत जी यंत्रे फारशी चर्चा न होता दुकानोदुकानी येऊन बसली, त्यांत जनित्राचा, म्हणजे लोकांच्या भाषेत जनरेटरचा, क्रमांक बराच वरचा लावावा लागेल. धाराशिव जिल्ह्यातील भूम हे गाव उदाहरणादाखल घेण्याजोगे आहे. बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले हे तालुक्याचे ठिकाण. नगरपरिषद, तहसील कचेरी, शाळा-महाविद्यालये, बँका, दवाखाने आणि दूध-खव्याचा दूरवर पोचलेला व्यापार यांवर येथील व्यवहार चालतो. या साऱ्यांचे आज विजेवाचून घटकाभरही चालत नाही. दूध थंड राहिले पाहिजे, खवा शीतगृहात टिकला पाहिजे, बँकेचा संगणक चालू राहिला पाहिजे, दवाखान्यातील शस्त्रक्रिया अर्ध्यावर थांबता कामा नये आणि मंगल कार्यालयातील पंखे ऐन मुहूर्तावर बंद पडता कामा नयेत. भूम-वाशीच्या माळांवर पवनचक्क्या फिरत असताना खालच्या बाजारपेठेत डिझेलचा धूर का निघावा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मराठवाड्याला इंजिनाचे अप्रूप नाही. विजेचे खांब शिवारात पोचण्यापूर्वी विहिरीवरचे पाणी डिझेल इंजिनानेच उपसले जात असे. १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे नाव तर खेड्यापाड्यांत इंजिन या शब्दाला पर्याय होऊन बसले होते. परंतु विहिरीवरचे इंजिन आणि जनित्र यांत एक मूलभूत फरक आहे. इंजिन बिघडले तर नुकसान त्याच्या मालकाचे होई. जनित्र तारांना जोडलेले असते, आणि त्या तारा मालकाच्या भिंतीपाशी संपत नाहीत. त्या गावभर आणि गावाबाहेरही गेलेल्या असतात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ही यंत्रे मोठ्या संख्येने आली. भारनियमन ओसरले तरी ती गेली नाहीत, कारण वळवाच्या वाऱ्याने तुटणाऱ्या तारा आणि ऐन हंगामात जळणारी रोहित्रे ओसरलेली नाहीत.

जनित्र घेताना गिऱ्हाईक चिकित्सा करीत नाही असे नाही. किती केव्हीएचे घ्यावे, तासाला डिझेल किती लागेल, आवाज किती होईल, हप्ता किती बसेल, या सर्व गोष्टींची बारकाईने चौकशी होते. ते इमारतीच्या वायरिंगला कसे जोडणार आणि त्याचे अर्थिंग कोठे व कसे करणार, हे दोन प्रश्न मात्र बहुधा विचारले जात नाहीत. यंत्र उतरवून घेणारा हमाल, ते सुरू करून दाखविणारा मेकॅनिक आणि गावातला एखादा वायरमन यांच्या सोयीने जे होईल ते होते. विक्रेत्याच्या दरपत्रकाच्या तळाशी 'अर्थिंग व वायरिंग गिऱ्हाईकाकडे' असे एक वाक्य असले, की विक्रेता मोकळा. आणि गिऱ्हाईकाला त्या वाक्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसल्यामुळे तोही मोकळा. या दुहेरी मोकळेपणाची किंमत ज्याला मोजावी लागू शकते, तो मनुष्य या व्यवहारात कोठेच नसतो. तो त्या वेळी खांबावर चढलेला असतो.

हे कसे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. गावातले रोहित्र अकरा हजार व्होल्टचा दाब उतरवून आपल्याला सुमारे चारशे व्होल्ट, आणि एका फेजला दोनशे तीस व्होल्ट, देते. शाळेच्या पुस्तकात आपण शिकतो की रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. परंतु परीक्षेचा पेपर संपल्यानंतर हे वाक्य आपण विसरतो. वीज गेल्यावर एखाद्या दुकानदाराने जनित्र सुरू केले आणि त्याची जोडणी महावितरणच्या तारांपासून पूर्णपणे तोडलेली नसली, तर जनित्राची वीज मीटरमधून उलट बाहेर पडते, लघुदाब वाहिनीवर येते, रोहित्रात उलट शिरते आणि पंचवीसपटीहून अधिक दाबाने उच्चदाब वाहिनीवर प्रकट होते. ज्या तारेला मृत समजून मनुष्य हात लावणार, ती तार अशा रीतीने एका दुकानातल्या लहानशा यंत्राने जिवंत केलेली असते.

यावर एक शंका नेहमी काढली जाते. पाच केव्हीएचे यंत्र साऱ्या गावाचा भार कसा उचलणार, ते तत्काळ बंद पडेल, असे म्हणतात. सारे गाव जोडलेले असेल तर ते बहुधा बंद पडेलही. परंतु वादळात तार जवळच तुटलेली असली, किंवा दुरुस्तीसाठी काही भाग मुद्दाम तोडून ठेवलेला असला, तर त्या तुकड्यावर भार जवळजवळ नसतोच. जनित्र सुरळीत चालत राहते. म्हणजे दुरुस्तीचे काम जेथे चालू आहे तेथेच धोका सर्वांत मोठा असतो, असा हा विचित्र योग आहे. एप्रिल-मे हे लग्नसराईचे महिने आणि तेच वळवाच्या वादळांचे महिने. मंगल कार्यालयातले जनित्र आणि खांबावरचा जनमित्र हे दोघेही एकाच संध्याकाळी कामाला लागतात.

खांबावर चढण्यापूर्वी वाहिनी बंद केल्याची खात्री करावी, तारा एकमेकींना व जमिनीला जोडणारा अर्थ रॉड टाकावा, हातमोजे घालावेत, ही त्या कर्मचाऱ्याची शिस्त आहे आणि ती त्याने पाळलीच पाहिजे. परंतु त्याने ती पाळावी म्हणून आपण आपली पाळू नये, हा युक्तिवाद टिकणारा नाही. पावसात, अंधारात, 'वीज कधी येणार' म्हणून खाली जमलेल्या लोकांच्या आरडाओरड्यात एकटा मनुष्य काम करीत असतो. ४ मार्च हा लाइनमन दिन म्हणून २०२१ पासून साजरा होतो. त्या दिवशी सत्कार होतात, ते व्हावेत. परंतु त्याच गावात उलट वीज सोडणाऱ्या जोडण्या किती आहेत, याची मोजदाद त्या निमित्ताने कोणी केली तर तो सत्कार अधिक खरा ठरेल.

या धोक्यावरचा उपाय जुना व साधा आहे. त्याचे नाव चेंजओव्हर स्विच. त्याच्या दांड्याच्या तीन जागा असतात: एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनित्र आणि मध्ये काहीच नाही. एक जोडणी पूर्ण तुटल्याशिवाय दुसरी होऊच शकत नाही, अशी त्याची यांत्रिक रचना असते. माणसाच्या स्मरणशक्तीवर त्यात काहीही सोडलेले नाही. याउलट आपल्याकडील सर्रास पद्धत म्हणजे 'मेन पाडायचा आणि जनरेटर लावायचा'. मेन पाडणारा नोकर त्या दिवशी रजेवर असला, की सारी सुरक्षितता रजेवर जाते. दुकानांतून तर याहूनही भयंकर प्रकार पाहावयास मिळतो. एका वायरच्या दोन्ही टोकांना पिनांचे टॉप बसवितात, एक टोक जनित्रात आणि दुसरे भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतात. ते टोक सॉकेटमधून निसटले तर त्याच्या उघड्या पितळी पिनांवर दोनशे तीस व्होल्ट असतात आणि दुकानात पोरेबाळे असतात. ज्याने कोणी ही वायर प्रथम बनविली त्याच्या कल्पकतेला दाद द्यावी, पण ती वायर आधी कापून टाकावी.

चेंजओव्हर घेतानाही चार पोलचा घ्यावा. तीन फेजच्या यंत्राला तीन पोलचा स्विच बसवून न्यूट्रल तसाच सामाईक ठेवण्याची काटकसर पुष्कळ ठिकाणी दिसते. जनित्राचा न्यूट्रल जनित्रापाशीच जमिनीला जोडलेला असेल, तर हा सामाईक न्यूट्रल प्रवाहाला नको त्या वाटा उघडून देतो, गळती ओळखून वीज तोडणारी साधने त्यामुळे फसतात, आणि बाहेरच्या वाहिनीचा न्यूट्रलही पूर्ण निर्धोक राहत नाही. न्यूट्रलचा सांधा ढिला राहून सुटला तर दोनशे तीस व्होल्टच्या उपकरणांवर चारशेच्या घरात दाब येऊ शकतो. संगणक-कक्षातील यंत्रे एका क्षणात जळून जातात आणि दोष मात्र 'जनरेटरच्या विजेला' दिला जातो. फेजांचा क्रमही जुळवून घ्यावा लागतो. तो उलटा लागला तर तीन फेजची मोटार उलटी फिरते आणि बोअरला पाणी आटले अशी हाकाटी होते.

आता अर्थिंगविषयी. या विषयात सुशिक्षितांचाही एक गैरसमज दृढ आहे. जमीन वीज शोषून घेते, तेव्हा तार जमिनीत गाडली की काम झाले, असे मानले जाते. वस्तुतः वीज जमिनीत मुरत नाही. ती जेथून निघाली तेथे परत जाऊ पाहते. जनित्राची वीज जनित्राकडेच परत जाणार. ही परतीची वाट जर चांगली असेल तर बिघाड होताच मोठा प्रवाह वाहतो, ब्रेकर पडतो आणि माणूस वाचतो. वाट वाईट असेल तर प्रवाह थोडाच वाहतो, ब्रेकर ढिम्म हलत नाही आणि यंत्राची पत्र्याची पेटी वीज घेऊन वाट पाहत राहते. हिशेब करून पाहावा. फ्रिजच्या किंवा मोटारीच्या पत्र्याला फेजची तार टेकली आहे. तो पत्रा ज्या खड्ड्याशी जोडला आहे त्याचा रोध वीस ओहम आणि जनित्राच्या न्यूट्रलच्या खड्ड्याचा पाच ओहम धरला, तर दोनशे तीस व्होल्टला पंचवीस ओहमने भागून प्रवाह येतो सुमारे नऊ अँपिअर. बत्तीस अँपिअरचा ब्रेकर एवढ्याने पडणार नाही. आणि त्या पत्र्यावर दाब राहील एकशे ऐंशी व्होल्टच्या वर. अर्थिंग केलेले आहे, त्याचे बिलही दिलेले आहे, आणि तरीही शॉक प्राणघातक बसेल.

म्हणूनच केवळ खड्ड्यावर विसंबून चालत नाही. इमारतीतील सर्व उपकरणांची अर्थची तार धातूच्या अखंड वाटेने जनित्राच्या अर्थपट्टीपर्यंत आणि तेथून न्यूट्रलपर्यंत पोचली पाहिजे, आणि त्याखेरीज तीस मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे साधन बसविले पाहिजे. येथेही एक मेख आहे. जनित्राचा न्यूट्रल कोठेच जमिनीशी जोडलेला नसेल, तर जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून गेलेल्या प्रवाहाला परतीची धड वाट नसते आणि ते साधन गप्प बसते. पहिला बिघाड असा मूकपणे होऊन जातो. दुसरा बिघाड झाला म्हणजे पहिल्याचा पत्ता लागतो. पुष्कळ लहान यंत्रे कारखान्यातून न्यूट्रल मोकळा ठेवूनच येतात. इमारतीच्या वायरिंगला ती कायमची जोडावयाची असतील तर हा सांधा कोणी करावयाचा, हे ठरवूनच यंत्र घेतले पाहिजे. ब्रेकरसुद्धा यंत्राच्या मापाचा हवा. पंधरा केव्हीएचे तीन फेजचे यंत्र दर फेजला साधारण एकवीस अँपिअर देते. त्याला हाताशी होता म्हणून त्रेसष्ट अँपिअरचा ब्रेकर बसविणे म्हणजे लहान यंत्राच्या तुटपुंज्या बिघाड-प्रवाहाला जन्मभर न पडणारा दरवाजा बसविणे होय.

भूमच्या बाबतीत जमिनीचा प्रश्न वेगळा काढावा लागतो. काळ्या मातीचा थर पातळ, त्याखाली मुरूम आणि त्याखाली बालाघाटचा काळा दगड, अशी या डोंगराळ पट्ट्यातील पुष्कळ जमिनीची रचना आहे. अर्थिंगच्या भारतीय मानकानुसार नळाचे अर्थिंग करावयाचे तर जस्ताचा मुलामा दिलेला अडीच मीटरचा नळ गाडावा लागतो. दीड-दोन हातांवर दगड लागला की मजूर थांबतात आणि उरलेला नळ कापून टाकतात. वरून सिमेंटची पेटी आणि झाकण बसले म्हणजे खाली किती नळ आहे हे कोणाला दिसणार? शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये मोजला तर खड्डा उत्तम ठरतो आणि मे महिन्यात, मुरूम वाळून ठणठणीत झाला म्हणजे, त्याचाच रोध कित्येक पटींनी चढतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत पुरवठादाराच्या अर्थिंगची चाचणी कोरड्या ऋतूतील कोरड्या दिवशी घ्यावी असे सांगितले होते, त्यामागे हीच जाण होती. दगड लागला तर खड्ड्याची जागा बदलावी, दोन-तीन नळ पुरेशा अंतरावर गाडून एकमेकांस जोडावेत, आणि उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घालण्याचे काम कोणाच्या तरी नावावर लिहून द्यावे. शाळेत झाडांना पाणी घालणारा शिपाई असतो, त्याच्या फेरीत हा खड्डा सहज बसतो.

नियम आहेत की नाहीत, असा प्रश्न कोणी विचारील. नियम पुष्कळ आहेत. जनित्राचा न्यूट्रल दोन स्वतंत्र जोडण्यांनी जमिनीला जोडावा, त्याची धातूची चौकटही दोन स्वतंत्र जोडण्यांनी जोडावी, वीज सोडण्यापूर्वी अर्थिंगचा रोध मोजावा व त्याची नोंद ठेवावी, हे १९५६ च्या नियमांत होते आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या पुढील विनियमांतही हीच दिशा कायम आहे. दोन आणि दोन मिळून चार खड्डे, हा जो हिशेब जाणते ठेकेदार सांगतात तो यातूनच आलेला आहे. त्याला ठेकेदाराचा लोभ समजू नये. दहा किलोवॅटपेक्षा मोठे जनित्र विद्युत निरीक्षकाच्या लेखी संमतीवाचून सुरू करू नये, असेही त्या जुन्या नियमांत म्हटले होते. २०१० च्या विनियमांनी ही मर्यादा ठरविण्याचे काम शासनाच्या अधिसूचनेवर सोपविले. मर्यादा कोणतीही असो, तिच्याखाली राहणारी लहान यंत्रे तपासणीच्या जाळ्यातून निसटतात. दवाखान्याच्या मोठ्या यंत्राला निदान कागद लागतो. त्याच्या शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या यंत्राला कोणी विचारीत नाही, आणि उलट वीज सोडण्याचे सामर्थ्य दोघांतही सारखेच आहे. छतावरच्या सौर पॅनेलचे उदाहरण येथे बोलके आहे. तारांना जोडलेला सौर इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद होतो. तशी रचना असल्याशिवाय त्याची जोडणी मंजूरच होत नाही. अमेरिकेच्या वीजसंहितेतही इमारतीला कायम जोडलेल्या राखीव जनित्रासाठी स्थानांतराचे साधन आवश्यक मानले आहे. आपल्याकडील डिझेल यंत्रे हे शहाणपण स्वतः बाळगत नाहीत, ते बाहेरून बसवावे लागते.

प्रत्येक दुकानात निरीक्षक पाठविणे शक्य नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु भूमसारख्या गावातील जनित्रांचा बराच भाग संस्थांच्या पैशाने घेतला जातो: शाळा, महाविद्यालय, पतसंस्था, नगरपरिषद, दूध संस्था. तेथे खरेदी समिती असते, तीन दरपत्रके मागविली जातात, लिपिक तुलनात्मक तक्ता तयार करतो आणि मुख्याध्यापक किंवा व्यवस्थापक त्यावर सही करतात. सर्वांत कमी दराची निवड होते. आता ज्या विक्रेत्याने चार खड्डे, चार पोलचा चेंजओव्हर आणि चाचणीचा अहवाल धरून दर दिला, तो या तक्त्यात हरतो. आणि ज्याने यांतले काहीच धरले नाही तो जिंकतो. हे कोणाच्या भ्रष्टाचारामुळे घडत नाही. तक्त्यात तो रकाना नसतो म्हणून घडते, आणि रकाना आखण्याचे काम लिपिकाच्या हाती असते. दरपत्रक मागविणाऱ्या पत्रातच वायरिंग, चेंजओव्हर, अर्थिंग व चाचणी यांसह दर द्यावा असे लिहिले, काम परवानाधारक वीज ठेकेदाराकडून व्हावे अशी अट घातली आणि अंतिम देयकाचा काही हिस्सा अर्थ टेस्टरने घेतलेल्या मोजणीचा सही-शिक्क्याचा कागद येईपर्यंत राखून ठेवला, तर विक्रेते आपोआप ताळ्यावर येतील. लेखापरीक्षकालाही अशा अटीत आक्षेपार्ह काही सापडणार नाही. खर्च वाढेल, परंतु यंत्राच्या किमतीशी ताडून पाहिला तर तो थोडा आहे.

अध्यापकांच्या हाती याहून एक वेगळी गोष्ट आहे. दहावी-बारावीच्या वर्गात ओहमचा नियम आणि रोहित्र शिकविले जाते. शाळेचे जनित्र अंगणातच उभे असते. त्याचा चेंजओव्हर कोणता, न्यूट्रल कोठे जोडला आहे, खड्ड्याचा रोध किती, हे यंत्र बंद असताना आणि तारतंत्री सोबत असताना मुलांना दाखविले, तर वर मांडलेले भागाकाराचे उदाहरण मुले जन्मात विसरणार नाहीत. त्यांच्यापैकी काही जण पुढे आयटीआयमध्ये तारतंत्री किंवा वीजतंत्री होणार आहेत, आणि पुष्कळ जण दुकाने घालून जनित्रे विकत घेणार आहेत.

धुराविषयी दोन वाक्ये सांगितली पाहिजेत, कारण जोडणीचा विचार करताना जागेचा विचार मागे पडतो. जुलै २०२१ मध्ये चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर येथे रात्री वीज गेल्यामुळे घरात लावलेल्या जनित्राच्या वायूने एकाच कुटुंबातील सहा जण झोपेत मरण पावले. जिन्याखाली, गोदामात, शटर ओढलेल्या दुकानात हे यंत्र ठेवता येत नाही; चोरीच्या भीतीने ते आत ओढून घेणाऱ्यांनी बाहेर जाळीचा पिंजरा करावा.

'इतकी वर्षे चालले आहे, काही झाले नाही', हा शेवटचा आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप. काही झाले नाही याचे कारण बहुधा एवढेच, की खांबावर चढणाऱ्याने प्रत्येक वेळी अर्थ रॉड टाकला. त्याच्या या शिस्तीवर आपले जनित्र चालले आहे. येत्या उन्हाळ्यापूर्वी संस्थांनी आपापले चेंजओव्हर उघडून पाहावेत, खड्ड्यांचा रोध कोरड्या दिवशी मोजून घ्यावा आणि तो आकडा तारखेसह पेटीच्या झाकणावर रंगाने लिहून ठेवावा. शाळेच्या अंगणात फरशा किंवा पेव्हर ब्लॉक बसवावयाचे असतील, तर ते त्या झाकणावरून बसवू नयेत; तसे झाले की पुढच्या वर्षी खड्डा कोठे होता हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.